वेबसाइटचा वेग कसा मोजायचा आणि कसा वाढवायचा? सोप्या भाषेत संपूर्ण माहिती

समजा, लोणारला एक लॉज आहे. मालकाने हौसेने वेबसाइट बनवून घेतली, सरोवराचे सुंदर फोटो टाकले आणि लिंक इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलला लावली. एक कुटुंब शेगावला गजानन महाराजांचे दर्शन घेऊन लोणारकडे निघाले आहे. गाडीत बसल्या बसल्या कुणीतरी ती लिंक उघडते. पांढरा स्क्रीन. पाच सेकंद, आठ सेकंद, दहा सेकंद. मग बॅकचे बटण दाबले जाते आणि दुसऱ्याच लॉजला फोन लागतो.

मालकाला यातले काहीच कळत नाही. तक्रार करायला कुणी थांबलेले नसते. तो स्वतः वेबसाइट उघडतो तेव्हा ती पटकन उघडते, कारण त्याच्या काउंटरवर वायफाय आहे, फोन नवा आहे आणि ते पान त्याने आधी शंभर वेळा उघडलेले आहे.

वेबसाइटच्या वेगाबाबत सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. वेग आपल्या फोनवर नाही, तर ग्राहकाच्या फोनवर मोजायचा असतो. तो कसा मोजायचा, कोणते आकडे पाहायचे आणि कमी खर्चात सुधारणा कशी करायची, हे या लेखात पाहूया. तुमचे दुकान असो, न्यूज पोर्टल असो, क्लास असो किंवा फक्त एक ब्लॉग, ही माहिती उपयोगी पडेल.

## वेबसाइटचा वेग म्हणजे नेमके काय?

इंटरनेटचा वेग आणि वेबसाइटचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंटरनेटचा वेग म्हणजे तुमच्या फोनपर्यंत एका सेकंदात किती डेटा पोहोचतो. तो मोजायला दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मायस्पीड अ‍ॅप आहे. हा वेग मोबाइल कंपनी, टॉवर आणि गर्दी यांवर ठरतो.

वेबसाइटचा वेग म्हणजे लिंकवर बोट ठेवल्यापासून पान दिसायला, वाचता यायला आणि वापरता यायला किती वेळ लागतो. तो मुख्यतः वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात असतो. नेट तेच, फोन तोच, तरी एक वेबसाइट लगेच उघडते आणि दुसरी रेंगाळते, याचे कारण हेच.

रस्त्याचे उदाहरण घ्या. मेहकर, सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग जातो. रस्ता कितीही चांगला असला तरी भरगच्च ट्रक आणि रिकामी मोटारसायकल सारख्या वेगाने जाणार नाहीत. रस्ता म्हणजे इंटरनेट आणि गाडीतला माल म्हणजे तुमचे पान. रस्ता रुंद करणे तुमच्या हातात नाही, माल कमी करणे नक्कीच आहे.

## लिंकवर टॅप केल्यावर काय काय घडते?

पान दिसण्याआधी पडद्यामागे बरीच कामे होतात:

१. फोन आधी वेबसाइटच्या नावाचा पत्ता शोधतो. याला डीएनएस म्हणतात.
२. मग तो सर्व्हरशी जोडणी करतो आणि ती जोडणी सुरक्षित करतो.
३. फोन पान मागतो. सर्व्हर ते तयार करून पाठवायला सुरुवात करतो.
४. पान आले की त्यात काय काय लागते ते ब्राउझर वाचतो: रचनेच्या फाइली, फॉन्ट, फोटो, जावास्क्रिप्ट.
५. या फाइली उतरतात आणि फोनचा प्रोसेसर त्यावर काम करतो. मग पान दिसते.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला अंतराचा फटका बसतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश एका सेकंदात साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा हे सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन २५ हजार किलोमीटर. एका फेरीलाच किमान १२५ मिलिसेकंद लागणार, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. जोडणी करणे, ती सुरक्षित करणे आणि पान मागणे अशा तीन फेऱ्या धरल्या तर पानाचे एक अक्षर येण्याआधीच एक तृतीयांश सेकंदाहून अधिक वेळ गेला. सर्व्हर मुंबईत असेल तर बुलढाण्यापासून तिथपर्यंत फायबरमधल्या एका फेरीला काही मोजके मिलिसेकंद पुरतात. त्यात टॉवर आणि फोन यांच्यातला वेळ मिळवावा लागतो, पण तो दोन्हीकडे सारखाच.

पाचव्या पायरीत फोनची ताकद महत्त्वाची ठरते. जावास्क्रिप्ट उतरून चालत नाही, ती फोनला वाचून चालवावी लागते. महागड्या फोनला जे काम चुटकीसरशी जमते, त्यासाठी चार-पाच वर्षे जुना साधा फोन कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणून नेट चांगले असूनही काही पाने अडकतात.

## वेग मोजण्याचे तीन मुख्य आकडे

"साइट स्लो आहे" असे म्हणून काम होत नाही. नेमके काय स्लो आहे, हे कळायला हवे. त्यासाठी गूगलने मे २०२० मध्ये कोअर वेब व्हायटल्स नावाची मोजमापे जाहीर केली. नंतर २०२१ पासून गूगल सर्चही त्यांचा विचार करू लागले. सध्या तीन आकडे आहेत.

एलसीपी (लार्जेस्ट कंटेंटफुल पेंट): पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ. लॉजच्या पानावर हा बहुतेक वरचा सरोवराचा फोटो असेल. २.५ सेकंदांपर्यंत चांगला, ४ सेकंदांच्या पुढे खराब.

आयएनपी (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट): बटण दाबल्यावर स्क्रीनवर काहीतरी हालचाल दिसेपर्यंतचा वेळ. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला, ५०० च्या पुढे खराब. १२ मार्च २०२४ पासून या आकड्याने एफआयडी नावाच्या जुन्या मोजमापाची जागा घेतली.

सीएलएस (क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट): पान उघडताना मजकूर किती हलतो, याचा आकडा. ०.१ पर्यंत चांगला, ०.२५ च्या पुढे खराब. बातमी वाचताना अचानक वर जाहिरात येते, ओळी खाली सरकतात आणि भलत्याच ठिकाणी बोट पडते, हा अनुभव सगळ्यांना आहे. तोच इथे मोजला जातो.

यांच्या जोडीला टीटीएफबी हा आकडाही पाहावा. सर्व्हरकडून पहिला बाइट यायला लागलेला वेळ म्हणजे टीटीएफबी. तो ०.८ सेकंदांच्या आत असावा. तो जास्त असेल तर दोष बहुधा होस्टिंगमध्ये किंवा सर्व्हरच्या कामात आहे. तिथे फोटो लहान करून फरक पडणार नाही.

माणसाच्या सहनशक्तीचा अंदाजही उपयोगी आहे. जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा सांगितल्या. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तर तो तात्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. फोन बदलले, नेट बदलले, पण माणसाचे मन तेच आहे.

## सरासरी नाही, ७५ टक्के

गूगल या आकड्यांची सरासरी काढत नाही. शंभर भेटी वेगाच्या क्रमाने लावल्या तर पंचाहत्तराव्या भेटीला किती वेळ लागला, तो आकडा धरला जातो. म्हणजे १०० पैकी किमान ७५ भेटींत पान २.५ सेकंदांच्या आत दिसले, तरच एलसीपी उत्तीर्ण.

यामागे विचार आहे. दहा जणांपैकी पाच जणांना पान एका सेकंदात दिसले आणि पाच जणांना सात सेकंदांत, तर सरासरी चार येते. पण चार सेकंदांचा अनुभव प्रत्यक्षात कुणालाच आलेला नाही. सरासरीत मागे राहिलेली माणसे झाकली जातात.

आणि मागे राहणारी माणसे कोण असतात? जुना फोन असलेला शेतकरी, डोंगराच्या कडेला एकच टॉवर असलेल्या गावातली विद्यार्थिनी, महिन्याचा रिचार्ज पुरवून वापरणारा मजूर. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. खामगावच्या बाजारपेठेत बसून मोजलेला वेग संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या सातपुड्याकडच्या गावात तसाच मिळेल, असे धरून चालता येत नाही. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची शेवटची तारीख अशी कामे आता ऑनलाइन होतात. अशा वेळी मंद पानाची किंमत फक्त कंटाळा नसते. कधी एक चुकलेला दिवस, तर कधी सेतू केंद्राची आणखी एक खेप असते.

## वेग मोजायचा कसा?

### १. पेजस्पीड इनसाइट्स

गूगलचे हे साधन मोफत आहे. ब्राउझरमध्ये ते उघडा, पानाचा पत्ता टाका आणि तपासणी सुरू करा. मोबाइल आणि डेस्कटॉप असे दोन निकाल मिळतात. मोबाइलचा निकाल आधी पाहा.

निकालात दोन भाग असतात आणि त्यांत गल्लत करू नका:

- खऱ्या वापरकर्त्यांचा अनुभव: मागच्या २८ दिवसांत क्रोम वापरणाऱ्यांना आलेला प्रत्यक्ष वेग. वेबसाइटला पुरेशा भेटी नसतील तर हा भाग रिकामा दिसतो.
- प्रयोगशाळेतली चाचणी: गूगलच्या सर्व्हरवर लाइटहाउस नावाचे साधन तुमचे पान मध्यम ताकदीच्या फोनवर आणि मंद ४जीवर उघडल्यासारखे करून पाहते. त्यात डाउनलोडचा वेग साधारण १.६ एमबीपीएस धरलेला असतो.

मोठा रंगीत स्कोअर या दुसऱ्या भागातून येतो. ० ते ४९ लाल, ५० ते ८९ नारिंगी, ९० ते १०० हिरवा. हा स्कोअर प्रत्येक वेळी थोडा बदलतो. म्हणून एकदा तपासून निष्कर्ष काढू नका. तीन ते पाच वेळा तपासा आणि मधला आकडा धरा.

### २. सोशल मीडियावरून येणाऱ्यांसाठी खास सूचना

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की ती बहुतेक वेळा त्या अ‍ॅपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. अँड्रॉइडवरच्या अशा भेटी गूगलच्या खऱ्या वापरकर्त्यांच्या अहवालात धरल्या जात नाहीत. आयफोनवरच्या भेटीही त्यात येत नाहीत.

म्हणजे तुमचे बहुतेक ग्राहक रील पाहून येत असतील, तर त्यांचा अनुभव या अहवालात दिसणारच नाही. शिवाय अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरचा साठा क्रोमपेक्षा वेगळा असतो. क्रोममध्ये पूर्वी उघडलेले पानही तिथे पुन्हा पहिल्यापासून उतरते.

### ३. घरगुती चाचणी

म्हणून ही चाचणी स्वतः करा. पैसे लागत नाहीत.

१. घरातला सगळ्यात साधा अँड्रॉइड फोन घ्या.
२. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा.
३. तुमचे ग्राहक ज्या अ‍ॅपमधून येतात त्याच अ‍ॅपमधून लिंक उघडा. फेसबुकवर पोस्ट असेल तर फेसबुकमधून, व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर व्हॉट्सअ‍ॅपमधून.
४. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा. पहिली अक्षरे कधी दिसली, मुख्य फोटो कधी दिसला आणि "कॉल करा" हे बटण कधी चालले, अशा तीन वेळा लिहून ठेवा.
५. वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या जागी पाच वेळा करा. एकदा संध्याकाळी आठच्या सुमाराला करा, तेव्हा नेटवर्कवर गर्दी असते.

संगणक असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून पाहता येते. कोणती फाइल किती वेळ घेते, याचा उतरता धबधब्यासारखा तक्ताही तिथे मिळतो. २००८ पासून उपलब्ध असलेले वेबपेजटेस्ट आणि जीटीमेट्रिक्स ही साधनेही असा तक्ता दाखवतात.

## एका फोटोचे गणित

आपल्या काल्पनिक लॉजकडे परत जाऊया. मालकाने मोबाइलने काढलेला फोटो जसाच्या तसा चढवला. असा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० रुंद आणि ३००० उंच असतो आणि तो सहज ५ एमबी भरतो.

५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट. १.६ एमबीपीएसच्या नेटवर तो एकटा फोटो उतरायला २५ सेकंद लागतात.

पण फोनच्या स्क्रीनला इतका मोठा फोटो लागतच नाही. १०८० पिक्सेल रुंदी पुरते. तेवढा केला तर पिक्सेल साधारण १४ पट कमी होतात. तो वेबपी प्रकारात साठवला तर आकार बहुधा १५० केबीच्या आसपास येतो. तोच फोटो, तेच नेट, आणि वेळ पाऊण सेकंद.

डेटाचाही विचार करा. ४ एमबीचे दहा फोटो असलेले पान ४० एमबी खाते. रोजच्या १ जीबी डेटात अशी पंचवीस पाने उघडली की पॅक संपला. तुमच्या फोटोची किंमत ग्राहक त्याच्या रिचार्जमधून मोजत असतो.

## वेग वाढवण्याचे उपाय: या क्रमाने करा

१. फोटो लहान करा. वर सांगितल्याप्रमाणे रुंदी कमी करा आणि वेबपी किंवा एव्हिफ प्रकार वापरा. स्क्वूश हे गूगलच्या क्रोम टीमचे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचक खाली सरकेल तेव्हाच ते उतरतील. मात्र सगळ्यात वरच्या मुख्य फोटोला लेझी लोडिंग लावू नका. त्याने एलसीपी उलट बिघडतो.

२. मजकुराचा फोटो करू नका. आपल्याकडे दरपत्रक, प्रवेशाची सूचना, कार्यक्रमपत्रिका यांचे पोस्टर बनवून तेच वेबसाइटवर टाकायची सवय आहे. हजार शब्दांचा युनिकोड मराठी मजकूर साधारण २० केबीत मावतो. त्याचे पोस्टर त्याच्या कितीतरी पट भरते. शिवाय पोस्टरमधली अक्षरे सर्चमध्ये नीट सापडत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही.

३. व्हिडिओ लगेच लोड करू नका. पानात यूट्यूबचा व्हिडिओ बसवला की कुणी प्ले न करताही त्याच्या शेकडो केबीच्या फाइली उतरतात. आधी फक्त चित्र आणि प्लेचे बटण दाखवा. बोट लागल्यावर व्हिडिओ येऊ द्या.

४. बाहेरची ओझी मोजा. चॅटची खिडकी, शेअरची बटणे, भेटींचा काउंटर, नोटिफिकेशनची परवानगी, तीन-चार कंपन्यांच्या जाहिराती. प्रत्येकाची स्वतःची जावास्क्रिप्ट असते. एक एक बंद करून पुन्हा मोजा. ज्याचा गेल्या महिन्यात एकदाही उपयोग झाला नाही, ते काढून टाका. आयएनपी सुधारण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

५. मराठी फॉन्ट जपून वापरा. देवनागरीत जोडाक्षरे खूप असल्याने फॉन्टची फाइल रोमनपेक्षा सहसा मोठी असते. बारीक, मध्यम, ठळक असे प्रत्येक वजन वेगळी फाइल मागते. दोन वजनांवर भागवा. फाइल डब्ल्यूओएफएफ२ प्रकारात ठेवा आणि फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशी सोय, म्हणजे फॉन्ट डिस्प्ले स्वॅप, चालू करा. साध्या माहितीच्या पानाला तर फोनमधला मूळ देवनागरी फॉन्टच पुरतो. तेव्हा काहीच उतरवावे लागत नाही.

६. कॉम्प्रेशन चालू आहे का पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. "बुलढाणा" या शब्दात काना, उकार धरून ७ चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. हेच नाव रोमन लिपीत लिहिले तर ८ अक्षरे आणि ८ बाइट. म्हणून मराठी पान जड होते का? कॉम्प्रेशन नसेल तर हो. पण तीनपैकी पहिले दोन बाइट बहुतेक वेळा तेच असल्यामुळे जीझिप किंवा ब्रॉटली हा भार चांगलाच कमी करतात. मराठी वेबसाइटला याचा फायदा इंग्रजीपेक्षाही जास्त आहे. होस्टिंगवाल्याला हा प्रश्न जरूर विचारा.

७. कॅश वापरा. वर्डप्रेसचे पान प्रत्येक भेटीला डेटाबेसमधून नव्याने तयार होते. कॅश लावली की तयार प्रत लगेच दिली जाते. घरी रोज पीठ मळण्याऐवजी तयार पोळी वाढण्यासारखे आहे हे. डब्ल्यूपी सुपर कॅशसारखे मोफत प्लगइन आहेत. एकाच वेळी दोन कॅश प्लगइन मात्र लावू नका.

८. सर्व्हर जवळ ठेवा. ग्राहक महाराष्ट्रातले असतील तर होस्टिंग घेताना भारतातला सर्व्हर मागा. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि गूगल क्लाउडचे २०१७ मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र पुण्यात आहे. लहान होस्टिंग कंपन्याही भारतातल्या केंद्राचा पर्याय देतात, फक्त तो निवडावा लागतो. ग्राहक परदेशातही असतील तर सीडीएन वापरा. ती तुमच्या फाइलींच्या प्रती जगभर ठेवून जवळच्या ठिकाणाहून देते.

९. जागा राखून ठेवा. प्रत्येक फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहा. जाहिरातीसाठी आधीच रिकामी चौकट ठेवा. मग उशिरा येणारी वस्तू मजकुराला ढकलत नाही आणि सीएलएस आपोआप सुधारतो.

प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. एकदम दहा बदल केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

## अचानक गर्दी झाली तर?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याचे फोटो देशभर पसरले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. अशा दिवशी लोणारची माहिती देणाऱ्या एखाद्या लहान वेबसाइटची लिंक व्हायरल झाली तर काय होईल? एरवी दिवसाला पन्नास भेटी झेलणाऱ्या सर्व्हरवर मिनिटाला हजारो लोक धडकतील.

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे जिजाऊ जन्मोत्सवाला मोठी गर्दी होते. तिथल्या माहितीच्या पानांवर त्याआधी काही दिवस ताण वाढणार, हे उघड आहे. दहावी-बारावीच्या निकालाचे उदाहरण तर घरोघरी माहीत आहे. लाखो विद्यार्थी एकाच क्षणी निकाल पाहतात. म्हणूनच राज्य मंडळ निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही उपलब्ध करून देते. भार वाटून घेण्याचा हा मार्ग आहे.

लहान वेबसाइटने गर्दीसाठी तीन गोष्टी कराव्यात: कॅश आणि सीडीएन आधीच लावून ठेवावी, महत्त्वाची माहिती (फोन नंबर, पत्ता, वेळ, दर) साध्या मजकुरात सगळ्यात वर ठेवावी, आणि गर्दीच्या आठवड्यात जड स्लायडर व व्हिडिओ बंद ठेवावेत.

## याने खरेच फायदा होतो का?

गूगलने प्रसिद्ध केलेल्या दोन भारतीय उदाहरणांकडे पाहा. बसची तिकिटे विकणाऱ्या रेडबसने आयएनपी सुधारला आणि विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. इकॉनॉमिक टाइम्सने एलसीपी २.५ सेकंदांवर आणि सीएलएस ०.०९ वर आणला. पान उघडून लगेच निघून जाण्याचे प्रमाण त्यांच्याकडे ४३ टक्क्यांनी सुधारले.

हे मोठ्या कंपन्यांनी स्वतः दिलेले आकडे आहेत. तुमच्याकडे अगदी तेवढाच फरक पडेल असे नाही. वेग वाढला म्हणून खराब सेवा चांगली होत नाही. पण चांगली सेवा असूनही ग्राहक दारातूनच परत जात असेल, तर ते नक्कीच थांबते.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्कोअर १०० असायलाच हवा का?
नाही. १०० स्कोअर असलेले पानही साध्या फोनवर त्रास देऊ शकते आणि ७५ स्कोअरचे पान नीट चालू शकते. तीन मुख्य आकडे हिरव्या पट्ट्यात आणि घरगुती चाचणी समाधानकारक, एवढे पुरे.

न्यूज पोर्टलसाठी एएमपी लागते का?
आता सक्ती नाही. गूगलच्या टॉप स्टोरीजसाठीची एएमपीची अट २०२१ मध्ये काढली गेली. साधे पान हलके ठेवले तरी चालते.

वेबसाइट स्लो आहे की माझा फोन, हे कसे ओळखायचे?
त्याच फोनवर, त्याच नेटवर दुसऱ्या दोन-तीन वेबसाइट उघडा. त्या पटकन उघडल्या तर दोष त्या एका वेबसाइटचा. सगळ्याच रेंगाळल्या तर नेट किंवा फोन तपासा.

डेव्हलपर म्हणतो, "माझ्याकडे तर फास्ट चालते." मग काय करू?
वाद घालू नका. साध्या फोनवर मोबाइल डेटाने साइट उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पेजस्पीडच्या मोबाइल निकालासह पाठवा. काम देतानाच लिहून ठेवा: मोबाइलवर एलसीपी २.५ सेकंदांच्या आत हवा.

किती दिवसांनी तपासावे?
महिन्यातून एकदा, आणि नवीन प्लगइन, जाहिरात किंवा डिझाइन बदलल्यावर लगेच. खऱ्या वापरकर्त्यांचा अहवाल २८ दिवसांचा असल्याने केलेली सुधारणा त्यात पूर्ण दिसायला जवळपास महिना लागतो.

## थोडक्यात लक्षात ठेवा

- आपल्या नव्या फोनवर आणि वायफायवर नाही, ग्राहकाच्या साध्या फोनवर मोजा.
- एलसीपी २.५ सेकंद, आयएनपी २०० मिलिसेकंद, सीएलएस ०.१ या तीन मर्यादा पाळा.
- फेसबुक-इन्स्टाग्रामवरून येणारे वाचक गूगलच्या अहवालात दिसत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी चाचणी करा.
- आधी फोटो, मग व्हिडिओ, मग बाहेरच्या जावास्क्रिप्ट, मग फॉन्ट आणि कॅश.
- फोन नंबर आणि पत्ता नेहमी साध्या मजकुरात, सगळ्यात वर.

आज रात्री फक्त एक काम करा. घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर वायफाय बंद करून आपली स्वतःची वेबसाइट उघडा आणि मनात आकडे मोजा. पाचच्या आत "कॉल करा" दिसले तर सुरुवात ठीक आहे. नाही दिसले तर वरच्या यादीतला पहिला उपाय, म्हणजे फोटो, उद्या सकाळीच हाती घ्या.